चॅलेंजरचे दोन उपग्रह आणि गिरणगावची गच्ची

१४ नोव्हेंबर १९८४. पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर डेल गार्डनर आणि जो ॲलन या दोन अमेरिकी अंतराळवीरांनी एक भरकटलेला उपग्रह अक्षरशः हातांनी धरला आणि डिस्कव्हरी यानाच्या पोटात आणून बसवला. उपग्रहाचे नाव वेस्टार-६. त्याच वर्षी फेब्रुवारीत चॅलेंजर यानाने तो अवकाशात सोडला होता. पण वरच्या कक्षेत ढकलणारी मोटर मध्येच बंद पडली आणि कोट्यवधी डॉलरचा माल निरुपयोगी होऊन फिरत राहिला. विमा कंपन्यांनी मालकाचे पैसे चुकते केले आणि उपग्रह त्यांच्या गळ्यात पडला. तो खाली आणून, डागडुजी करून, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीला विकण्यात आला. ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधल्या शीचांग तळावरून ‘लाँग मार्च-३’ या चिनी अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला, तो एशियासॅट-१ या नव्या नावाने.

लालबाग-परळच्या चाळींत ‘स्टार’ आणि ‘झी’ पोहोचले ते या सेकंडहँड उपग्रहावरून.

चॅलेंजरने त्याच्या आधी आणखी एक उपग्रह सोडला होता. ३० ऑगस्ट १९८३ रोजी, शटलच्या पहिल्यावहिल्या रात्रीच्या उड्डाणात, भारताचा इन्सॅट-१बी वर गेला. मुंबईच्या उपग्रह-टीव्हीची पहिली दोन पर्वे एकाच यानाने सोडलेल्या या दोन उपग्रहांची आहेत. पहिल्याने चाळीत दिल्ली आणली, दुसऱ्याने बाजार. खोलीत नेमके काय दिसणार हे मात्र दरवेळी जमिनीवर ठरले: आधी दिल्लीत दूरदर्शनच्या मंडी हाऊसमध्ये, मग गच्चीवर, आणि शेवटी एका खोक्यात.

वरळीचा मनोरा

मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीत ते १९५९ पासून होते. तिथल्या पहिल्या निर्मात्यांत आपले पु. ल. देशपांडे होते. मुंबईला मात्र तेरा वर्षे थांबावे लागले. वरळीला केंद्र उभे राहिले, पुढे तिथला तीनशे मीटरचा मनोरा शहराच्या क्षितिजावर कायमचा आला. गिरगावातल्या, दादरमधल्या, परळमधल्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेना चढले आणि सगळ्यांची तोंडे वरळीकडे वळली. कावळा बसला, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एकजण वर, एकजण खिडकीत आणि एकजण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘थोडं डावीकडे!’ ‘गेलं!’

टीव्ही चाळीत एखाद-दुसऱ्याकडेच असे. त्याचे परवाना शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. त्या संध्याकाळी मालकाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. या काळातले मुंबई दूरदर्शन बऱ्यापैकी मराठी होते. ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे कार्यक्रम वरळीत बनत आणि ऐन संध्याकाळी दिसत. स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घरोघर पोहोचवले. साहित्य संघाच्या आणि शिवाजी मंदिराच्या रंगमंचावरची माणसे टीव्हीवर दिसत, कारण केंद्र तिथून टॅक्सीच्या अंतरावर होते.

या सगळ्यात उपग्रह कुठेच नव्हता. मनोऱ्यापासून अँटेनापर्यंत लहरी सरळ रेषेत जात आणि शहराला तेवढे पुरत होते. उपग्रहाची कल्पना ज्यांच्या डोक्यात होती, त्यांना खेडी दिसत होती. विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून मुंबईत येत-जात. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून खालून तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो आणि एकटा अर्धा-पाऊण खंड व्यापतो, हे गणित त्यांनी भारतातल्या लाखो खेड्यांना लावले. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले. ही कल्पना नंतर प्रत्यक्षात आणणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस पुढे होते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ म्हणून तो प्रयोग जगभर गाजला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

संपाचे वर्ष, रंगाचे वर्ष

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले आणि पुष्कळ घरांत चूल एक वेळ पेटू लागली. त्याच वर्षी १० एप्रिलला इन्सॅट-१ए अमेरिकेतून उडाला आणि १५ ऑगस्टला दूरदर्शनचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला, तोही रंगीत. नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ होते. त्याआधी देशभर रंगीत चित्र पोहोचवण्याची सरकारला घाई होती. इन्सॅट-१एने मात्र सप्टेंबरातच मान टाकली. दिशा सांभाळणारे इंधन संपले आणि तो सोडून द्यावा लागला. खेळांपुरते दुसऱ्या मार्गांनी भागवावे लागले.

घडी बसली ती इन्सॅट-१बीमुळे. त्याचाही सौरपंख आधी उघडेना. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रात कित्येक दिवस धाकधूक होती. पण तो उघडला, आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर हा उपग्रह स्थिरावला. हा रेखांश मुंबईच्या जवळजवळ डोक्यावरचा. दिल्लीहून चित्र वर जाई, उपग्रहावरून वरळीच्या मोठ्या डिशमध्ये उतरे आणि मनोऱ्यावरून चाळीत येई. चाळीतला अँटेना पूर्वीचाच आणि त्याचे तोंडही वरळीकडेच. त्यामुळे आपण उपग्रह पाहतो आहोत हे कुणाच्या गावीही नव्हते.

बदलले होते ते वेळापत्रक. रात्री साडेआठनंतरचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला. मराठी कार्यक्रम त्याच्या आधी सरकवले गेले, म्हणजे बायका स्वयंपाकात आणि चाकरमाने लोकलमध्ये असण्याच्या वेळेत. ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ आले. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की काळाचौकीपासून ठाकूरद्वारपर्यंत रस्ते ओस पडत. या मालिकांनी मुंबईला भरभरून दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांतले कितीतरी कलावंत आणि तंत्रज्ञ मुंबईचेच होते. पण कोणत्या भाषेला कोणता तास, हे वरळीत ठरणे बंद झाले. खेड्यांसाठी कल्पिलेला उपग्रह शहराच्या वाट्याला आला तो असा.

छत्री चढली

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या इमारतींत वेगळी वायर फिरू लागली होती. तळमजल्यावरच्या किंवा जिन्याखालच्या खोलीत एक व्हीसीआर, त्यातून निघालेली वायर खिडकी-खिडकीतून घराघरात. रोज एक-दोन हिंदी सिनेमे आणि महिन्याला ठरावीक पैसे. हाच पुढच्या केबलचा सांगाडा. उपग्रहाने त्यात फक्त नवा माल ओतला.

तो ओतला गेला जानेवारी १९९१ मध्ये. आखाती युद्धाची सीएनएनची थेट दृश्ये मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांत डिशवर दिसू लागली आणि त्याची चर्चा शहरभर झाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात एशियासॅट-१वरून स्टारच्या पाच वाहिन्या सुरू झाल्या: करमणूक, खेळ, संगीत, बीबीसीच्या बातम्या आणि एक चिनी वाहिनी. डिश असेल त्याला त्या फुकट मिळत. केबलवाल्यांनी हिशेब केला आणि गच्चीवर छत्र्या चढू लागल्या.

एशियासॅट-१ होता १०५.५ अंश पूर्वेला. इन्सॅटसाठीची डिश मुंबईत जवळजवळ सरळ वर, किंचित दक्षिणेला बघत असे. एशियासॅटची छत्री आग्नेयेकडे तोंड करून आडव्या पातळीपासून सत्तेचाळीस अंशांवर कलती ठेवावी लागे. लालबागच्या गच्चीवर उभे राहिले तर ही दिशा साधारण गोदीकडची. त्या बाजूला उंच इमारत नसेल अशीच गच्ची हवी. बारा-सोळा फुटांची जाळीची छत्री, मधोमध तिपाईवर लहरी पकडणारा एलएनबी, तिथून खाली उतरणारी जाड वायर. लॅमिंग्टन रोडवर सगळे सुटे मिळायचे: एलएनबी, मॉड्युलेटर, बूस्टर, स्प्लिटर, कोॲक्स वायरची भेंडोळी. बसवणाऱ्याकडे महागडा मीटर क्वचितच असे. एकाने छत्री सुतासुताने सरकवायची, दुसऱ्याने छोट्या टीव्हीवर नजर ठेवायची आणि चित्र स्वच्छ झाले की नटबोल्ट आवळून टाकायचे. पावसाळ्याच्या तोंडावर छत्रीला तारांनी बांधून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच वादळात ती शेजारच्या कौलांवर.

जोडणीचे महिन्याला शंभरेक रुपये. वसुलीला येणारा मुलगा चाळीतलाच, बहुतेक वेळा मंडळातलाही. गिरण्या बंद पडत होत्या, कामगाराच्या मुलाला गिरणीत चिकटवून घेण्याची जुनी वाट बुजली होती. थोडे भांडवल, थोडी ओळख आणि शिडी चढण्याची तयारी एवढ्यावर उभा राहणारा हा धंदा म्हणूनच वाढला. लहान ऑपरेटरांच्या हद्दी गल्लीगल्लीने ठरत, त्यांवरून भांडणेही होत.

ऑपरेटरची खरी सत्ता बटणांत होती. त्या वेळच्या बहुतेक टीव्ही संचांना आठ किंवा बारा बटणे असत आणि सुरुवातीच्या वायरीतही फार वाहिन्या मावत नसत. त्यामुळे कुठली वाहिनी घ्यायची, कुठली गाळायची आणि कुठली बटण दोनवर लावायची, हे जिन्याखालच्या त्या खोलीत ठरे. क्रिकेट आणि सिनेमे पुढे, बाकीचे मागे. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. दूरदर्शन हातचे राखून दाखवत होते, तेव्हा बीबीसीची दृश्ये ज्यांच्याकडे केबल होती त्यांनी घरात बसून पाहिली. सरकारच्या हातातला पडदा सुटल्याची ही पहिली मोठी खूण, आणि त्याच आठवड्यात मुंबई पेटायला सुरुवात झाली होती.

हाँगकाँगमार्गे परळ

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनच्या विसाव्या वाढदिवशी, झी टीव्ही सुरू झाला. सुभाष चंद्रा यांनी एशियासॅट-१वरचा ट्रान्सपाँडर (वाहिनी वाहून नेणारी जागा) वर्षाला पन्नास लाख डॉलर देऊन मिळवला. भारतात पैसा नाही, अशी समजूत असलेल्यांकडून ही जागा त्यांनी घेतली होती. सुरुवातीला वाहिनी दिवसाचे काही तासच चाले.

कार्यक्रम मुंबईत बनत. पण मुंबईतून ते उपग्रहावर पाठवता येत नसत. १८८५चा भारतीय तार कायदा अजून लागू होता आणि भारताच्या जमिनीवरून प्रक्षेपण हा सरकारचाच हक्क होता. म्हणून टेपा विमानाने हाँगकाँगला जात, तिथून चित्र उपग्रहावर चढे आणि परत परळच्या गच्चीवर उतरे. खाली उतरवून घ्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती, कारण तारा ओढणाऱ्या केबलवाल्याचा विचार १८८५च्या कायद्याने केलाच नव्हता.

कायदा धापा टाकत मागून आला. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन अधिनियम. ऑपरेटरने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायची आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवायच्या, असे बंधन आले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. त्यातले मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मराठी न्यायमूर्तींचे. खासगी वाहिन्यांना भारतातून थेट प्रक्षेपणाची वाट २००० साली पूर्णपणे मोकळी झाली.

मराठीची जागा

या सगळ्या धामधुमीत मराठी कुठे होती? १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनने मराठीसाठी उपग्रह वाहिनी सुरू केली. तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली आणि ‘दामिनी’सारखी रोजची मालिका तिने रुजवली. खासगी भांडवल मात्र पहिली काही वर्षे मराठीच्या वाटेला गेले नाही. एका ट्रान्सपाँडरवर तेव्हा एकच वाहिनी बसे. वर्षाला कोट्यवधींचे भाडे देऊन एका राज्याच्या भाषेत वाहिनी चालवणे हिशेबात बसत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात डिजिटल संकोचन आले. चित्रातला न बदलणारा भाग पुन्हापुन्हा न पाठवण्याची ही युक्ती. तिच्यामुळे एका ट्रान्सपाँडरवर सहा-आठ वाहिन्या मावू लागल्या आणि एका वाहिनीच्या वाट्याचे भाडे तितके खाली आले. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली, ती या जोरावर. ‘आभाळमाया’ आणि नंतर ‘चार दिवस सासूचे’ यांनी १९८२ मध्ये गेलेला रात्रीचा तास मराठीला परत मिळवून दिला. भाषेचे प्रेम, आंदोलने, भाषणे यांचे मोल मला कमी करायचे नाही; पण तो तास परत आला तो मुख्यतः उपग्रहावरची जागा स्वस्त झाली म्हणून.

खोके

२००० नंतर गच्चीवरच्या माणसाची सत्ता ओसरू लागली. सिटीकेबल, हिंदुजांचे इनकेबल, हॅथवे अशा मोठ्या जाळ्यांनी लहान ऑपरेटरांना सिग्नल पुरवायला आधीच सुरुवात केली होती. छत्र्या एका ठिकाणी गेल्या. गल्लीतला ऑपरेटर वसुली आणि दुरुस्तीपुरता उरला. ग्राहक किती, हे वाहिन्या आणि ऑपरेटर वेगवेगळे सांगत. त्यावर उतारा म्हणून ३१ डिसेंबर २००६ पासून दक्षिण मुंबईत ‘कॅस’ लागू झाले. खोके लावा, हव्या त्याच सशुल्क वाहिन्यांचे पैसे द्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने दर ठरवले: मोफत वाहिन्यांच्या मूळ संचाला महिना ७७ रुपये, प्रत्येक सशुल्क वाहिनीला ५ रुपये. खोक्याविना जुनी वायर नुसत्या मोफत वाहिन्या दाखवू लागली आणि चाळीतल्या जिन्यांवर केबलवाल्याला जाब विचारला जाऊ लागला, जणू हा निर्णय त्यानेच घेतला होता. ३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्री संपूर्ण मुंबईतली ॲनालॉग केबल बंद झाली.

त्याच सुमारास छोटी डिश आली. डिसेंबर २००५ मध्ये उडालेल्या इन्सॅट-४एवरून टाटा स्काय २००६ मध्ये सुरू झाले. हातभर रुंदीची डिश गॅलरीच्या कठड्याला अडकवायची; गच्चीची गरज नाही, केबलवाल्याचीही नाही. पण तिला दक्षिणेचे आभाळ हवे. ज्याची गॅलरी उत्तरेला, त्याला केबलवाचून गत्यंतर नव्हते. शिवाय मुंबईचा पाऊस. जुन्या मोठ्या छत्रीवर येणाऱ्या लहरी साडेसात सेंटिमीटर लांबीच्या, त्या पावसाला फारशा जुमानत नसत. छोट्या डिशच्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या. पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. जुलैत ऐन मालिकेच्या वेळी सर आली की पडदा निळा.

कठडे आणि मनोरे

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली, म्हणजे ज्या वर्षी स्टार आले त्याच वर्षी. पुढच्या दोन दशकांत लोअर परळ ओळखू येईनासे झाले. स्टारचे कार्यालय गणपतराव कदम मार्गावर आले, झीचे ना. म. जोशी मार्गावर. ज्या पट्ट्यातल्या पोरांनी छत्र्या चढवल्या, त्याच पट्ट्यात त्या वाहिन्यांचे काचेचे मनोरे उभे राहिले. २००७ पासून मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि गणेशोत्सवात लालबागच्या रस्त्यावर डिशवाल्या गाड्या उभ्या राहू लागल्या. इथले चित्र इथूनच थेट उपग्रहावर चढू लागले.

या इतिहासाचा आभाळातला अर्धा भाग नीट जपलेला आहे. कुठला उपग्रह कधी उडाला, कधी बिघडला, कोणी दुरुस्त केला याच्या नोंदी नासाकडे आणि इस्रोकडे आहेत. गच्चीवरचा अर्धा भाग कुणाकडेच नाही. तो पावतीपुस्तकांत, हद्दींच्या वह्यांत, सत्यनारायणाच्या पूजेला काढलेल्या फोटोंच्या कडेला दिसणाऱ्या छत्र्यांत आणि आता साठी ओलांडलेल्या ऑपरेटरांच्या आठवणींत विखुरलेला आहे. बीडीडी चाळींपासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत पुनर्विकास चालू आहे. घर रिकामे करताना असले कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात. तुमच्या चाळीत केबलची पहिली वायर ओढणारा माणूस हयात असेल, तर त्याला बोलते करा, मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करा आणि त्याची वही मागून घ्या. मुंबईच्या टीव्हीचा इतिहास त्या वहीवाचून पुरा होणार नाही.